कृष्णविवरसाहेबांची मांजर

मी रोह्याला एका रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि सवड मिळेल तेव्हा विज्ञानकथा लिहितो. घरी-दारी त्या वाचणारं कोणी नाही, म्हणून विज्ञानकथांच्या एका मराठी ग्रुपमध्ये सामील झालो. ग्रुप चारचौघांसारखाच होता. एक गृहस्थ कशाखालीही "खूप छान" लिहायचे, मग वर कोणी कोणाला गाढव म्हटलेलं का असेना. दुसरे एक जण दर आठवड्याला कायमचा ग्रुप सोडायचे आणि संध्याकाळच्या चहापर्यंत परत यायचे. वाद ऐन रंगात आला की भर दुपारी कोणीतरी गुलाबाचं फूल आणि सुप्रभात टाकून मोकळं व्हायचं.

तिथे मी माझी एक गोष्ट टाकली. पेणच्या खाडीलगतच्या मिठागरात परग्रहावरचं एक यान उतरतं. आतले प्रवासी उन्हाने बेजार झालेले. मिठागरात काम करणारी बाई आपला पाण्याचा तांब्या पुढे करते. तो परका जीव स्वतः तहानलेला असून तांब्या आधी आपल्या आजारी सोबत्याच्या तोंडाला लावतो. एवढंच. लिहिताना माझे स्वतःचे डोळे भरून आले होते.

पहिलं उत्तर आलं 'कृष्णविवर' नावाच्या सदस्याचं.

"हे खोटं आहे दया ही पृथ्वीवरची सवय आहे ती विश्वात सगळीकडे असेलच असं नाही गो त्या मांजराला हाकल."

मला आधी राग आला आणि मग मांजर दिसलं. ग्रुपलाही दिसलं. एका प्राध्यापकांनी त्या मांजरावर पानभर लिहिलं: मांजर म्हणजे अनिश्चितता, ते एकाच वेळी घरात आहे आणि हाकललेलंही आहे, आणि लेखकाने हे अवघ्या चार शब्दांत साधलं आहे. त्याखाली अर्थातच "खूप छान".

मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जेवण बाजूला सारून उत्तर लिहिलं. "कृष्णविवरसाहेब, तारे ओलांडून यायचं तर किती पिढ्या एकत्र राबायला हव्यात! एकमेकांवर विश्वास आणि एकमेकांची काळजी नसेल, तर यान अंगणातून हलायचं नाही."

उत्तर आलं. "मुंग्या पण एकत्र राबतात त्यांना दयाळू म्हणशील काय माझ्या चहात साखर नको."

मुंग्या आणि साखर! काय ही प्रतिमा! ग्रुप वेडा झाला. निम्मे लोक साखरेचा अर्थ लावत बसले, अॅडमिन "विषयाला धरून बोला" म्हणत राहिला, आणि माझ्या बिचाऱ्या तहानलेल्या प्रवाशाला सगळे विसरून गेले. शेवटी न राहवून मी विचारलं, "साहेब, आपण कुठले?"

"जोहे हमरापूरजवळ पेण तालुका आणि साहेब कोण मी बाई हाय."

कोणीतरी गुलाबाचं फूल टाकलं. मग "खूप छान."

मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. मला वाटत होतं हे गृहस्थ कुठल्यातरी परदेशी वेधशाळेत बसलेले असतील, आणि या बाई तर आमच्याच गाडीच्या मार्गावर! येऊ का, विचारलं. "ये बायकोला पण आण," एवढंच उत्तर आलं.

रविवारी आम्ही दोघं हमरापूरला उतरलो आणि रिक्षाने जोह्याला गेलो. पत्र्याच्या शेडखाली पांढऱ्याशुभ्र गणपतींच्या रांगा होत्या, एकालाही अजून डोळे नव्हते. मधोमध पाटावर साठीच्या एक काकी बसल्या होत्या. हातात बारीक ब्रश, बोटं रंगाने माखलेली, आणि शेजारी पालथ्या डब्यावर फोन. डोळ्यांची आखणी करायचं काम त्यांचं. धाकटी जाऊ मागे मूर्ती घासत होती.

"टायपिंगला हात कुठे मोकळे हायत?" काकी म्हणाल्या. "मी बोलते, फोन लिवतो. काय लिवलं ते वाचायचं तर चष्मा बदलावा लागतो. कोण वाचतंय!"

"मांजर हाकल, ते मला सांगत होती," जाऊ म्हणाली. "साखरेचं पण मलाच."

मी त्यांना प्राध्यापकांचं पानभर लिखाण वाचून दाखवलं. "एकाच वेळी घरात आहे आणि हाकललेलंही आहे" इथपर्यंत आलो आणि काकींनी ब्रश खाली ठेवला. हसताना देवाचा डोळा तिरळा व्हायला नको म्हणून. जाऊ तर सरळ जमिनीवर बसली.

पण वाद काही सुटला नाही. काकी पुन्हा ब्रश उचलून म्हणाल्या, "हे बघ. मी डोळे काढते. लोक म्हणतात, देव आमच्याकडेच बघतो. ते रंगाचे ठिपके हायत रे. माया बघणाऱ्याच्या मनात असते. तुझ्या त्या पाहुण्याचं पण तसंच. तो तांब्या सोबत्याच्या तोंडाला लावतो, आणि दया तुला दिसते."

मी त्या बिनडोळ्यांच्या रांगांकडे पाहिलं. मग एकदम सुचलं. "पण काकी, बघणारा तर त्यांच्यातही असेल ना? त्या आजारी सोबत्याला काय दिसलं असेल?"

त्यांचा हात थांबला. "आता आलास वाटेवर," त्या म्हणाल्या. "हे ग्रुपवर सांगते." बटण दाबून त्या फोनकडे तोंड करून बोलू लागल्या. तेवढ्यात माझ्या बायकोने जावेला काहीतरी विचारलं, मी मधेच बोललो, जावेने जेवणाचं काढलं, मांजर आली, सगळे एकदम ओरडले, आणि काकींनी कोपराने पाठवून दिलं.

ग्रुपवर गेलं ते असं:

"बघणारा त्यांच्यात पण असणार मग दया दोघांची झाली ही मूर्ती केवढ्याला नाही काकी ऐका तर जवळा खाता ना तुम्ही गेली गेली रंगात गेली पकड तिला."

आम्ही चौघं फोनवर वाकून बसलो. प्राध्यापकांनी लिहिलं, मराठी विज्ञानकथेत अशी शैली आजवर कोणी हाताळलेली नाही. ग्रुप सोडून गेलेले सदस्य खास हे वाचायला परत आले. अॅडमिनने हात टेकले.

काकींनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी, बारीक कोळंबीसारखा जवळा, वर सोलकढी, आणि घासाघासाला वाद. माझी बायको आयत्या वेळी काकींच्या बाजूला गेली. "यांना सगळीकडे चांगलंच दिसतं हो," ती म्हणाली. मी म्हटलं, चांगलं दिसतं म्हणून तर आज इथे आलो. "ते व्हय," काकी म्हणाल्या, आणि माझ्या पानात आणखी एक भाकरी टाकली.

या नादात गाडी चुकली. पेणला येऊन रोह्याची एसटी धरली. वाटेत दोघांपैकी एक जण शांत झाला की दुसरा म्हणायचा, "पकड तिला!" कंडक्टर समोर उभा राहिला, "कुठलं देऊ?" म्हणाला, आणि मला हसू आवरून रोह्याचं नाव काही सांगता येईना.