सासूबाईंच्या समोरची भिंत

१० ऑक्टोबर. दिवाळी तोंडावर आली म्हणून आज माजघराला चुना देत होते. ओल्या चुन्याचा वास नाकात गेला आणि सासूबाईंची खाट आठवली.

माझ्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत अर्धांगाने त्या आडव्या झाल्या. आळे गावातल्या या घराचं दार दक्षिणेला आणि त्यांची उशीही तिकडेच. त्यामुळे समोर दिवसभर धुराने काळवंडलेली भिंत. जन्मभर अंगणावर राज्य केलेल्या बाईने जेवण टाकलं. खाट फिरवू म्हटलं तर कडाडल्या, "दक्षिणेला पाय मेल्यावर करा की! आत्ताच लई घाई झाली व्हय?"

नवरा म्हणाला, "समोर खिडकी पाडू." तेवढी ऐपत नव्हती. मी भिंतीला चुन्याचे दोन हात दिले, माझ्या लग्नातल्या कपाटाचा आरसा काढला आणि त्यांच्या समोर जरा कलता बसवला. त्यात त्यांच्या डोक्यामागचं दार आणि अख्खं अंगण आलं. त्या रात्रीही त्यांनी ताट परत पाठवलं. कपाट विद्रूप झालं म्हणून मीच हळहळत बसले. आज वाटतं, या घरात मी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडत होते, तोच आतून आवाज आला, "गोठ्याकडचा कोपरा राहिला की गं! डोळं कुठं हायेत तुझं? आणि झालं की भाकर टाक, भूक लागलीय."

मी तो कोपरा झाडला आणि चुलीवर तवा ठेवला.