वर 'श्री' नसलेलं कार्ड

शिवाजी पेठेतल्या शाळेत कालिंदीबाई तिसरीला शिकवायच्या. पोरं काहीही हातात दिलं तरी एकाच सुरात वाचायची आणि बाईंचा पारा चढायचा. "एस.टी.चं वेळापत्रक काय कविता हाय व्हय रं, चालीत म्हणायला? कागद कशाचा हाय ते आधी बघा!" त्यासाठी त्या लग्नपत्रिका, फुटबॉल सामन्यांची हँडबिलं, जुनी पोस्टकार्डं वर्गात आणायच्या. सुखाच्या पत्राच्या माथ्यावर 'श्री' असतं, मयताच्या पत्रावर नसतं, हेही त्यांनी शिकवलं होतं.

एकाहत्तर साली तपासणीला आलेले साहेब ते कागद बघून कडाडले, "पुस्तक सोडून ही रद्दी कशाला?"

तेवढ्यात शाळेशेजारची सरुबाई नुकतंच आलेलं कार्ड वाचून घ्यायला दारात आली. तिला वाचता येत नव्हतं.

"एखाद्या मुलीला वाचू द्या, बघू," साहेब म्हणाले. बाईंनी बेधडक लीलाला पुढं केलं.

लीलानं कार्डाच्या माथ्याकडं पाहिलं आणि कार्ड खाली घेतलं.

"वाच की!" साहेब खेकसले.

लीलानं बाईंची खुर्ची ओढत आणली आणि सरुबाईचा हात धरला. "मावशी, तू आदी बस."

साहेबांनी वाकून कार्ड पाहिलं. वर 'श्री' नव्हतं.

लीलानं कार्डातलं एक अक्षरही उच्चारलं नव्हतं. साहेबांनी शेरा लिहिला, 'वाचन उत्तम.'