गायब या शब्दाची वही

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे आणि तिच्यात एकाच शब्दाचे अर्थ उतरवलेले आहेत. शब्द आहे ‘गायब’. लोक नाणी गोळा करतात, पोस्टाची तिकिटं गोळा करतात. मी हा एक शब्द गोळा केला. माझ्या मुलांना वाटतं, म्हातारपणी बापाला विद्वत्तेचा झटका आलाय. वाटू दे. त्या वहीला सुरुवात का झाली हे मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही.

शब्द भेटला शाळेत. आम्ही करमाडचे शेतकरी, पण मला शिकायला औरंगाबादेत मावशीकडे ठेवलं होतं. निजामाचं राज्य, शाळा उर्दूतून. फारसीचे मौलवीसाहेब व्याकरण शिकवायचे. मराठीत आपण प्रथम, द्वितीय, तृतीय पुरुष म्हणतो, रांगेत उभे केल्यासारखे. मौलवीसाहेबांकडे तीन जण वेगळे होते: एक बोलणारा, एक हाजिर, आणि तिसरा गायब. जो आत्ता समोर नाही तो गायब. तो कुठं आहे, कसा आहे, याबद्दल व्याकरण काही म्हणत नाही, असं ते सांगायचे. पुढं पोलीस ॲक्शन झालं, शाळेची भाषा बदलली, मी मराठीतून मॅट्रिक झालो आणि मराठीचाच मास्तर होऊन शहरात राहिलो.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत माझा थोरला भाऊ लासूर स्टेशनच्या बाजाराला बैल बघायला म्हणून निघाला आणि परत आला नाही. करमाडच्या स्टेशनावर त्याला लोकांनी पाहिलं होतं. लासूरला कुणी पाहिलं नव्हतं. आम्ही आठ दिवस शोधलं, विहिरी बघितल्या, रुळाच्या कडेनं चालत गेलो. चौकीतला हवालदार जुन्या सवयीनं अजून उर्दूतच लिहीत होता. त्यानं कागदावर भावाच्या नावापुढं लिहिलं, ‘गायब’. माझ्या मायनं काय लिहिलं म्हणून विचारलं आणि मी वाचून दाखवलं.

मी शहरातून येऊन-जाऊन, घरात माय आणि वहिनी. तिला मूलबाळ नव्हतं. ती रोज सकाळी कुंकू लावायची आणि कामाला लागायची. बायकांनी कुजबुज केली, हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही यावर त्यांचं एकमत होईना. काही घरांतून बोलावणं यायचं, काहींतून नाही.

आमच्याकडे रीत अशी की परागंदा माणसाची बारा वर्षं वाट बघायची. मग पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, नारळाचं डोकं लावायचं आणि त्याला अग्नी द्यायचा. त्या दिवसापासून तो मेला. बारा वर्षं भरली तेव्हा माय अंथरुणाला खिळली होती आणि पोराला गती मिळावी एवढंच तिचं मागणं होतं. माझं मागणं वेगळं होतं. मला शेतात विहीर पाडायची होती. जमीन भावाच्या नावावर, आणि तलाठ्यानं स्वच्छ सांगितलं होतं की गायब माणसाला वारस लागत नाही, मेलेल्याला लागतो. वहिनीचं नाव लागलं की तिच्या अंगठ्यावर विहिरीचं कर्ज निघणार होतं. हे मी मायच्या मागण्याआड लपवलं. लोकांनीही मला आईवेडा मुलगा म्हटलं.

वहिनी मात्र हलेना. भावकीतले चार लोक आले, भटजी आले. ती चुलीपाशी बसून एकच म्हणायची, “मेल्यालं कुणी पाह्यलं?” शेवटी मी तिच्यासमोर बसलो आणि मास्तरकी काढली. तिला म्हणालो, सरकारी कागदावर गायब लिहिलंय ना, तो शब्द अरबी आहे. मूळ शब्द गैब. गैब म्हणजे डोळ्यांना न दिसणारं जग, देवाघरचं. आपल्या शिवारातला गैबी पीर, तो काय जिवंत आहे? सरकारनं त्याच दिवशी लिहून ठेवलं होतं की तो गेला, आपल्यालाच वाचता आलं नाही.

अर्धं खरं होतं. अर्धं कुठं सोडलं ते मला पक्कं माहीत होतं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. इथं शहाण्यानं तो अडाण्याला दिला.

ती म्हणाली, “तुमी शिकल्यालं हाय, भावजी. तुमी म्हणता तर व्हय.”

ओढ्याकाठी पुतळा जळाला. अग्नी मीच दिला. बायकांनी वहिनीच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. त्या उन्हाळ्यात विहिरीला पाणी लागलं आणि दिवाळीच्या आत माय गेली.

पुढं दोन वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी मला परभणीला पाठवलं. संध्याकाळी रस्त्यानं चाललो होतो. एका जिनिंगच्या फाटकात माझा भाऊ कापसाच्या गाड्या आत घेत उभा होता. त्यानंही मला ओळखलं. तो पळाला नाही, मला घरी घेऊन गेला. घरात एक बाई होती, दोन पोरं होती. त्यानं सांगितलं की त्या दिवशी लासूरच्या गाडीऐवजी तो समोर आलेल्या उलट दिशेच्या गाडीत चढला. का, तर “घरी नगं वाटत व्हतं.” एवढंच. भांडण नाही, तंटा नाही. मला त्याचा गळा धरावासा वाटला आणि मी त्याच्या घरचा चहा प्यालो. निघताना तो म्हणाला, “तिला सांगू नको.”

मी नाही सांगितलं. त्यानं सांगू नको म्हटलं म्हणून नव्हे. सांगितलं असतं तर पुतळा खोटा ठरला असता, वारस खोटा, विहीर खोटी, आणि सगळ्यात खोटा मी. मायच्या मागं वहिनी शहरात माझ्याकडं आली होती, मोकळ्या कपाळानं माझी पोरं वाढवत होती, आणि मी दर वर्षी काहीतरी काम काढून परभणीला जाऊन भावाला बघून येत होतो.

वही सुरू झाली ती त्या पहिल्या परभणीनंतर. मी ग्रंथालयात बसून कोश उपसायला लागलो, जाणत्यांना विचारायला लागलो. अरबीत त्याच मुळापासून गीबत आहे, म्हणजे समोर नसलेल्याची निंदा. एका निवृत्त अरबी शिक्षकांनी सांगितलं की पाठ म्हणून दाखवण्यालाही अरबीत हाच शब्द लावतात, कारण पुस्तक तेव्हा समोर नसतं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या स्वाहिलीतही तोंडपाठ म्हणायला त्याच मुळातला शब्द आहे. तुर्कांनी त्याचं कायिप केलं, म्हणजे हरवलेलं. मलायातले लोक अदृश्य, गूढ गोष्टीला गाइब म्हणतात. फारसीत नजरेआड, आणि आपल्या शहरात पाकीट गायब, चप्पल गायब. मी काय शोधत होतो हे उघड आहे. कुठल्या तरी एका भाषेत तरी त्याचा अर्थ मेलेला असा निघावा, म्हणजे मी तिला खोटं बोललो नाही असं होईल. एकाही भाषेत निघाला नाही.

बऱ्याच वर्षांनी वहिनी दवाखान्यात होती. डॉक्टरांनी आशा सोडली होती. दुपारी मी एकटाच तिच्याजवळ होतो तेव्हा ती म्हणाली, “भावजी, त्या शबदाचं तुमी लई वाचलं म्हणं. पोरं सांगत व्हती.” मी हो म्हणालो. “मग आणखी काय निघालं त्यात?”

वही घरी कपाटात होती, पण मला ती सगळी पाठ होती. फक्त समोर नाही, एवढं म्हटलं असतं तरी तिला कळलं असतं. ती हुशार बाई होती. मला तर वाटतं, नवरा सोडून गेलाय हे ती त्या बारा वर्षांतच समजून चुकली होती आणि माझ्या तोंडून ऐकायला थांबली होती. खरं काय ते मला माहीत नाही. मी म्हणालो, “तेवढंच निघालं, वहिनी. मी तुम्हाला सांगितलं होतं तेवढंच.”

तिनं डोळे मिटले. “बरं,” म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ती गेली. आम्ही तिला करमाडला आणलं. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईला आमच्याकडे हिरवं लुगडं नेसवतात, कपाळभर मळवट भरतात, आणि बायका तिच्या पाया पडून तिच्यासारखं मरण मागतात. भावकीतल्या म्हातारीनं वहिनीला न्हाऊ घातलं आणि बाहेर येऊन मला विचारलं, कपाळ तसंच मोकळं ठेवायचं ना. म्हातारीला फक्त रीत पाळायची होती, घरातला कर्ता म्हणून माझा होकार हवा होता. माझा भाऊ त्या वेळी परभणीत होता, पंधरा दिवसांपूर्वीच मी त्याच्या घरी जेवून आलो होतो.

“तसंच ठेवा,” मी म्हणालो.