गुरुजींसाठी उरल्यासुरल्याचा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर जोडून झाला की माझ्याकडे नेहमी दोन-चार स्क्रू उरतात. कुठले ते कळत नाही, आणि मशीन तर चालू असतं! मग ते मी डबीत टाकतो. भाऊगुरुजींच्या कॉम्प्युटरचे मात्र स्क्रू कमी आणि किस्से जास्त उरले. चार मित्र जमले की ते मलाच सांगावे लागतात, कारण प्रत्येकात गाढव मीच आहे.

मी विनू. शाळा नववीत सोडली. माणसांशी बोलताना मान खाली जाते, म्हणून दुर्गाघाटाच्या गल्लीत पप्पूभैयाच्या रिपेअरिंगच्या दुकानात मशिनांशी बोलत बसतो. भाऊगुरुजी आणि काकू आमच्या शेजारी राहतात; गुरुजी वेद शिकवतात. त्यांचा मुलगा माधवदादा पुण्यात असतो. त्याने एक दिवस निक्षून सांगितलं, "रोज संध्याकाळी तुमची तोंडं दिसली तर राहा काशीत. नाहीतर मी येतो आणि दोघांना कायमचं पुण्याला नेतो."

गल्लीत मोबाइलला रेंज नाही. गुरुजी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "विनू, मला इथेच राहायचंय. एखादं यंत्र जुळव बाबा. स्वस्तातलं."

मी मान खाली घालूनच "हो" म्हणालो. तिथेच फसलो.

*

बंद पडलेल्या सायबर कॅफेची कॅबिनेट मिळाली, एका बाजूचं झाकण नसलेली. मदरबोर्ड दुकानातल्या भंगारातून काढला. मॉनिटर एका लॉजच्या रिसेप्शनवरचा. त्यावर वर्षानुवर्षं एकच पाटी दिसायची, त्यामुळे तिची अक्षरं काचेवर कायमची उमटली होती. मला वाटलं, चित्र आलं की झाकली जातील.

पहिल्या दिवशी माधवदादा पडद्यावर आला, तर त्याच्या हनुवटीखाली फिकट अक्षरांत "चेक-आउट सुबह दस बजे"!

काकूंनी चष्मा लावून वाचलं आणि काळजीने विचारलं, "माधवा, घर सोडतोयस का रे?"

*

ब्रॉडबँडची तार देवघराशेजारच्या खोलीपर्यंतच पोचली, म्हणून कॉम्प्युटर तिथेच ठेवला. एकदा दुपारी रॅम बदलायला गेलो, तर काकूंनी दारातच अडवलं. "नैवेद्य व्हायचाय अजून. सोवळ्यात येत असशील तर ये."

संध्याकाळी पुण्याचा फोन यायचा होता. थांबायला वेळ नव्हता. काकूंनी सोवळ्याची धाबळी दिली, चांगली जाड लोकरीची. थंडीचे दिवस. मी ती कमरेला गुंडाळली, उरलेली खांद्यावर घेतली आणि रॅमला बोट लावलं. चट्! एवढीशी ठिणगी उडाली आणि रॅम गेली.

दुकानात परत आल्यावर पप्पूभैयाने विचारलं, "कंबल ओढ़ के रैम छुए?"

"कंबल नहीं था भैया, सोवळं था... पूजावाला, पवित्र."

भैयाने रॅम उलटसुलट करून पाहिली आणि हात जोडले. "तो ये भी पवित्र हो गई, गुरु! अब संसार के काम की नहीं रही."

*

मशीन फार तापायचं. मी दुकानातून एक जुना पण जोरदार कूलिंग फॅन आणून बसवला. कॅबिनेट गारेगार! आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी नीट जमलं, म्हणून कौतुक ऐकायला थांबलो.

काकू आल्या, कॅबिनेटवर तळहात ठेवला आणि त्यांचा चेहराच उतरला. "काय केलंस रे हे? चांगलं चालत होतं की!"

"काकू, आता तापणार नाही."

"तेच तर! गेला महिनाभर मी यावर विरजण ठेवतेय. थंडीत असं घट्ट दही माझं कधी लागलं नव्हतं!"

*

मग गुरुजींनी पुण्यातल्या नातवाला, सोहमला, पडद्यावरून संथा द्यायला सुरुवात केली. संथेची रीत अशी की गुरूने एकदा म्हणायचं आणि शिष्याने तेच दोनदा म्हणायचं.

गुरुजींनी डोळे मिटून पहिली ओळ म्हटली. क्षणभराने पुण्याहून तीच ओळ दोनदा आली, खणखणीत! गुरुजींनी दुसरी म्हटली. तीही तशीच आली. त्यांचे डोळे भरले. "विनू, स्वर ऐकलास? एकही चूक नाही. रक्तातच असावं लागतं हे!"

स्पीकर आणि माइक मीच लावून दिले होते, त्यामुळे आवाज कुठून घुमून येतोय ते मला कळलं होतं. पण सांगायचं कसं? मी कीबोर्ड पुसत बसलो.

तेवढ्यात पडद्यावरच्या रिकाम्या खुर्चीत सोहम येऊन बसला. तोंडात पोळीचा घास. म्हणाला, "आजोबा, सुरू करायचं?"

*

वैशाखात मशिनने दगा दिला. चार दिवस पडदा काळाच. पाचव्या दिवशी कसंबसं चालू केलं, तर समोर माधवदादा तापलेला.

"बाबा, आता पुरे. चार दिवस तुमचा पत्ता नाही. आमचा इथे जीव जातो. मी तिकिटं काढतोय. सांगा, कधीची काढू?"

गुरुजी चष्मा सारखा करत होते. हात तिथेच थांबला. तोंड अर्धवट उघडं, पापणी स्थिर. श्वाससुद्धा दिसेना. इतक्या वर्षांचा प्राणायाम!

"बाबा? हॅलो? विनू, हँग झालं का रे?"

मला खोटं बोलता येत नाही आणि खरं बोलायचा धीर होत नाही. मी टेबलाखाली वाकून एक वायर उगाच हलवली.

माधवदादा म्हणाला, "विनू, बाबांच्या मागे पंखा फिरतोय."

ओठ न हलवता गुरुजी पुटपुटले, "विनू, पंखा बंद कर."

मी केला. गुरुजींच्या कपाळावरून घाम ओघळला, पण पापणी हलली नाही. पुण्याहूनही काही आवाज येईना. पडद्याकडे पाहिलं, तर माधवदादाही तसाच, एक हात हवेत आणि डोळे स्थिर.

आता मात्र खरंच हँग झालं म्हणून मी घाईने माउसला हात घातला, आणि तसाच थांबलो. दादाच्या मागे खिडकीचा पडदा वाऱ्यावर हलत होता!