चार शिळे बांगडे

माझी बॅटरीवरची खुर्ची आली तेव्हा आमच्या भांडुपच्या बिल्डिंगमधली झाडून सगळी माणसं ती बघून गेली. उजव्या हाताखालची दांडी बोटाने पुढे केली की खुर्ची पुढे, मागे केली की मागे. लहानपणी पोलिओ झाल्यापासून मला कुणीतरी ढकलत आलंय, आणि ते कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा आई. शिकवण्यांच्या पैशांतून ही खुर्ची घेतली ती एकाच हट्टापायी. मला एकटीला बाहेर जायचं होतं.

आईला ते पटेना. मी दांडी पुढे केली की ती मागून खुर्चीची पाठ धरायची.

"अगं, आता ढकलायचं नाहीये!"

"मी खंय ढकलतंय? नुसतो हात ठेवलंय."

महिनाभर आम्ही दोघी अशाच फिरलो. ती पंचाहत्तरीची, गुडघे कुरकुरणारे, आणि बॅटरी असून मी तिच्या चालीने. डोक्याला नुसता ताप! पण तिचा हात तिथे असला की मला बरंही वाटायचं, हे आता कबूल करते.

शेवटी एका रविवारी मी रुसले. सकाळचा चहासुद्धा घेतला नाही. तेव्हा कुठे ती म्हणाली, "जा बाय. फक्त मासळी बाजारापर्यंत. चार बांगडे घे आणि सरळ घरी ये. काय घोळ झालो तर परत एकटी सोडूची नाय, सांगून ठेवतंय."

बाजारात पोचले. आमची नेहमीची कोळीण पुढे वाकली. "आई कुठंय गं?"

"घरी."

"एकटी आलीस? बाय माझी!" मी बांगड्याला हात लावायला गेले तर म्हणाली, "तू कशाला हात घाण करतेस, मी देते ना निवडून."

एवढ्या मायेने कुणी बोललं की मी पाघळतेच. पिशवी खुर्चीच्या हुकाला अडकवली आणि राणीसारखी घरी आले.

आईने पिशवी ओट्यावर उपडी केली. एका बांगड्याचा कल्ला उघडला. मग दुसऱ्याचा. आत लाल काहीच नाही, सगळं तपकिरी. संपलं सगळं, आता पुन्हा खुर्चीच्या पाठीवर तिचा हात.

"डोळे खंय होते गो तुझे?" ती कडाडली. "कल्लो उघडून बघूक काय झाला होता? सत्तेचाळीस वर्सांची घोडी झालंस!"

जन्मात तिने मला असं झापलं नव्हतं. बोलणी भावाला रोज बसायची, माझ्या वाट्याला फक्त 'असू दे'.

तिने बांगडे पुन्हा पिशवीत कोंबले आणि पिशवी माझ्या मांडीवर आदळली. "जा, आत्ताच्या आत्ता परत करून ये. तिका सांग, असले मासे आमच्या घरात चालूचे नाय."

"एकटी?"

"मग काय वरात काढू?"

मी निघाले. लिफ्टचं दार लागता लागता स्वयंपाकघरातून तिची हाक आली, "गो, येताना कोथमीर पण घेऊन ये!"

लिफ्टमध्ये कुणी नव्हतं, म्हणून मनसोक्त रडून घेतलं. येताना काही घेऊन ये, असं इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलंच नव्हतं.