चांगल्यातलं तेल

आमचे दाजी, नाथाजी, फौजेतून ड्रायव्हर म्हणून सुटून आले ते एक ट्रंक आणि एक खोड घेऊन. खोड अशी की गाडी दिसली रे दिसली की बॉनेट उघडायचं, तेलाची पट्टी ओढून काढायची आणि बोटावर तेल चोळून बघायचं. मग गाडी कुणाची का असेना. शिराळ्याच्या बाजारात परक्याच्या ट्रकखाली आडवे पडलेले दाजी बघून मी कितीदा दुसऱ्या गल्लीनं गेलो असेन. मी एस.टी.त कंडक्टर. बॉनेटच्या आत काय असतं त्याच्याशी माझं देणंघेणं नाही. माझी थोरली बहीण हरणाआक्का हसून म्हणायची, "लाला, माझी नाडी कवा एवढी बगितली न्हाई रं यांनी."

थट्टाच होती ती. पुढं आक्काच्या गर्भपिशवीत गाठ निघाली आणि ती थट्टा परत कुणी केली नाही.

हे चौऱ्याहत्तर सालचं. मिरजेच्या डॉक्टरांनी विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन, सांगितला होता, आठवड्यातून दोनदा. "पाळी चुकवू नका," ते दाजींना म्हणाले, "खंड पडला तर झालेलं वाया जाईल." पहिल्या खेपेला आम्ही एस.टी.नं गेलो. आक्काला बसवत नव्हतं. पेठपासून सांगलीपर्यंत ती दांडीला धरून, पदर दातात घेऊन उभी होती. माझ्याच खात्याची गाडी, आणि माझ्या बहिणीला तिच्यात टेकायला जागा नव्हती. मला त्या दिवशी गणवेशाची लाज वाटली.

दुसऱ्या आठवड्यात दाजींनी फौजेतून मिळालेलं सगळं घालून सात वर्षं वापरलेली जुनी अँबेसिडर आणली. पेट्रोल भडकल्यामुळं पलूसच्या धोंडिराम व्यापाऱ्यानं ती विकायला काढली होती. देताना धोंडिराम म्हणाला, "मेजर, एक ध्यानात ठेवा. तेल कमी झालं की वरनं घाला. समदं काढून बदलू नगा. आमी कवा बदललं न्हाई." पोराला जन्मात आंघोळ घातली नाही असं कुणी सांगावं आणि आपण त्याच्याकडं बघावं, तसे दाजी त्याच्याकडं बघत राहिले.

पण गाडी चालली. मागच्या सीटवर वाकळ अंथरून आक्का आडवी व्हायची. पडल्यापडल्या तिला फक्त झाडांचे शेंडे दिसायचे, म्हणून सारखी विचारायची, "आवं, कुठं आलं?" दाजी पुढून सांगायचे, "पेठ आलं... इस्लामपूर आलं... आष्टा आलं." मिरज आली की म्हणायचे, "उतर हरणा, आलं." शेकानं तिचं अंगावरून जाणं थांबलं. ती भाकरीचा एक तुकडा जास्त खाऊ लागली. आमच्या घरात माणसं पुन्हा मोठ्यानं बोलू लागली होती.

तेवढ्यात खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं हत्यारं-अवजारं पुजतात. नांगर, कोयता, माझं तिकिटाचं पंचसुद्धा पाटावर बसतं. दाजींना गाडी पुजायची होती. "वरनं झेंडूची माळ आन् पोटात सात वर्साची घाण? देवीला दिसत न्हाई व्हय?" फौजेत तारीख आली की तेल काढायचं, नवं भरायचं, फिल्टर बदलायचा. त्यात हयगय म्हणजे गुन्हा. ते मला घेऊन सांगलीला निघाले.

दुकानदारानं दोन डबे पुढं ठेवले. एक साधं तेल, आणि एक नवं, महागातलं. "हे इंजिन आतून धुऊन काढतं," तो म्हणाला. दाजींनी दोन्ही बोटांवर चोळली, वास घेतला. मग फिल्टर. कुपवाडच्या कुठल्याशा शेडमध्ये भरलेला कापडी बोळ्याचा एक, आणि घडीच्या कागदाचा कंपनीचा एक. दाजी कागदाचा उजेडात धरून एकेक घडी बघत बसले. माझं डोकं फिरलं.

"दाजी, तेल घेताय का सोनं?"

"लाला, त्या गाडीत आक्का हाय तुजी," ते मान वर न करता म्हणाले.

महागातलं तेल आणि कागदाचा फिल्टर घेऊन आम्ही घरी आलो. दारातच दाजींच्या आई, राहीबाई, कडाडल्या, "शनवारी तेल आणलंस घरात?" दाजी म्हणाले, "आई, घराला न्हाई, गाडीला हाय." म्हातारी काही समजली नाही. शनवार तो शनवार.

खंडेनवमीला सकाळी दाजींनी जुनं तेल सोडलं. काकवीसारखं काळं, सावकाश पडत होतं ते. नवं भरल्यावर पट्टी पुसून परत काढली आणि आक्काला हाक मारली. "बग हरणा, मधावानी दिसतंय." आक्का दाराला धरून उठली आणि तिनं स्वतःच्या हातानं बॉनेटला हळदकुंकू लावलं. दाजी एवढे खूश मी लग्नातसुद्धा बघितले नव्हते.

दसरा झाला आणि मिरजेची पाळी आली. मला रजा होती, मी पुढं बसलो होतो. पेठ सोडलं आणि दाजींच्या पुढ्यातला तेलाचा लाल दिवा लुकलुकायला लागला. दाजींनी गाडी थांबवून पट्टी बघितली. तेल काठोकाठ, स्वच्छ. पुन्हा निघालो. इस्लामपूर गेल्यावर दिवा लागला तो विझेचना.

"आवं, त्यो लाल दिवा कशाचा?" आक्कानं मागून मान उचलून विचारलं.

"कशाचा न्हाई. तेल नवं, फिल्टर नवा. दिवाच खोटं बोलतोय. वायर लागली आसंल कुठं तरी."

पण आक्काची नजर तिथून हटेना. ती घाबरलीय हे दाजींनी आरशात बघितलं. त्यांनी हात खाली घालून वायर ओढून काढली. दिवा गेला. खरं सांगतो, मलाही बरं वाटलं.

थोड्या वेळानं इंजिनातून ठोके यायला लागले, कुणी आतून दार बडवावं तसे. दाजी एक्सिलरेटरवरचा पाय काढणार तोच एक करकर आवाज झाला आणि इंजिन आवळून गाडी जागीच थांबली. आष्टा अजून पुढं होतं. दोन्हीकडं माणसापेक्षा उंच ऊस. दाजींनी हँडल लावलं, दोन्ही पायांनी त्याच्यावर उभे राहिले. ते तसूभर हललं नाही. मग ते मडगार्डला पाठ लावून डांबरावर बसले आणि ढसाढसा रडले. सतरा वर्षं लडाखच्या घाटात गाड्या काढलेला माणूस आष्ट्याच्या सपाट रस्त्यावर पोरासारखा रडत होता आणि आतून आक्का त्यालाच धीर देत होती, "आवं, रडू नगा. येईल की यष्टी."

एस.टी. आली. दसऱ्याला आलेली माणसं परतत होती, गाडी खचाखच भरलेली. कंडक्टर माझ्या ओळखीचा. आम्ही आक्काला उचलून पायऱ्या चढवल्या, लोकांनी पाय दुमडून मधल्या वाटेत जागा केली, वाकळ टाकली. प्रत्येक खड्ड्याला ती ओरडायची, आणि ओरडली म्हणून लाजायची. सांगली येईस्तोवर वाकळ रक्तानं भिजली. मिरजेच्या डॉक्टरांनी तिला बघितलं आणि शेक द्यायला नकार दिला. "आता हिच्या अंगाला तो सोसणार नाही. आधी रक्त भरून येऊ दे." ते भरून आलं नाही. परत शेक मिळाला नाही.

गाडी ट्रॅक्टरला बांधून घरी आणली. कुपवाडचा फिटर जालिंदर आला. त्यानं खालचं चेंबर खोललं आणि तेल ओढून घेणारी जाळी दाजींच्या हातात दिली. काळ्या गाळानं ती लिंपल्यासारखी बंद झाली होती.

"मेजर, तेल वंगाळ न्हवतं," जालिंदर म्हणाला. "लय चांगलं व्हतं. सात वर्साची घाण त्यानं एका दमात धुतली आन् जाळीत नेऊन कोंबली. तेल खाली भरलेलं, पर वर काय चढंना. तुमी फौजेत नव्यापास्नं धुतलेल्या गाड्या चालवल्या. ही घाणीवरच जगलेली."

"मग त्यो दिवा?"

"दिवा खरं सांगत व्हता."

राहीबाई शेवटपर्यंत शनिवारालाच बोल लावत राहिल्या. शनीवर राग काढता आला असता तर मीही काढला असता. माझा राग दाजींवर होता. धोंडिरामसारख्या अडाण्यानं सांगितलेलं ऐकलं असतं तर? पुष्कळदा वाटलं, गचांडी धरावी. पण जाळी हातात घेऊन बसलेल्या माणसाची गचांडी कशी धरायची?

आक्काला बाज सोसेना. ती म्हणाली, "मला गाडीतच निजवा. तितं पाठ दुकत न्हाई." गाडी चिंचेखाली उभी होती. दाजींनी तिला मागच्या सीटवर निजवलं, वायर परत जोडली आणि स्वतः पुढं बसले. किल्ली फिरवली की लाल दिवा लागायचा. बंद इंजिनाला तो लागतोच.

"दिवा लागलाय," आक्का म्हणायची.

"व्हय. त्याचं खरं हाय," दाजी म्हणायचे.

"कुठं आलं?"

चिंचेचे शेंडे वर हलत असायचे. दाजी स्टिअरिंग धरून सांगायचे, "पेठ आलं... इस्लामपूर आलं." त्याच्या पुढं त्यांच्या तोंडून गाव निघत नसे. किल्ली बंद करून ते नुसते बसून राहायचे. रोज असंच.

दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी मी भाकरी घेऊन गेलो तर आक्का म्हणत होती, "आवं, इस्लामपुरात किती येळ थांबायचं? चला की म्होरं."

दाजींनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "आष्टा आलं," ते म्हणाले. बऱ्याच वेळानं, "सांगली आली. पूल आला बग." आणि मग, "मिरज आली. उतर हरणा, आलं."

मागून उत्तर आलं नाही. दाजींनी मान वळवली नाही. त्यांनी परत म्हटलं, "उतर, आलं." दिवा लाल जळत होता. मी भाकरी बॉनेटवर ठेवली, खिडकीतून हात घातला आणि किल्ली बंद केली.