घासून काढलेला तवा

आयुष्यभर मी लोखंडच घासलं. सेनगावात ट्रॅक्टर दुरुस्तीचं माझं छोटं गॅरेज होतं. गंजलेला नट माझ्या हातून सुटला नाही, असं सहसा झालं नाही. गुडघे गेले तेव्हा गॅरेज दुसऱ्याला दिलं, आणि त्यानंतर वर्षभरात बायको गेली. मग घरात मी आणि भिंती.

लेक पुण्याला नोकरीला आहे. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा, "बाबा, जेवलात का?" मी म्हणायचो, "व्हय, दोन भाकरी अन् पिठलं." मधूनमधून पिठल्याऐवजी वरण सांगायचो, रोज पिठलं ऐकून तिला संशय यायला नको. खरं तर मी चहात खारी बुडवून खायचो, नाहीतर स्टँडवरचे पोहे. भाकरी येत नव्हती असं नाही. बायकोच्या आजारपणात चांगली शिकलो होतो. पण एका माणसासाठी पीठ मळायचं, गॅस पेटवायचा आणि समोर कोणी नसताना जेवायचं, हे मला जमत नव्हतं. खोटं बोलणं मात्र भाग होतं. आई गेली तेव्हाच लेकीनं बजावलं होतं, "तुमच्या खाण्याचे हाल झाले तर मी काही ऐकणार न्हाई, पुण्याला घेऊन जाईन." ती कामाला गेल्यावर चौथ्या मजल्यावर दिवसभर दाराकडे बघत बसायचं? त्यापेक्षा इथला एकटेपणा बरा, ओळखीचा तरी आहे.

अशात एक दिवस फोनवर ती म्हणाली, "शनिवारी येतेय मी." माझं धाबं दणाणलं. घर झाडलं, डबे पुसले, ज्वारी दळून आणली. डबा मुद्दाम अर्धाच भरला, म्हणजे वापरातला वाटेल. ओट्यावर दोन चिमूट पीठही सांडून ठेवलं. चोरसुद्धा एवढा विचार करत नसेल. मग खिळ्यावरचा तवा काढला. दोन पावसाळे तो तिथंच लटकला होता. बोट फिरवलं तर बोट तांबडं झालं.

तव्याला बायको कुणाला हात लावू द्यायची नाही. भाकरी झाल्या की गरम असतानाच फडक्यानं पुसायची, तेलाचं बोट फिरवायची आणि अडकवून ठेवायची. साबण कधीच नाही. आतून काळाभोर, गुळगुळीत झाला होता. मी चिडवायचो, "ते काळं जरा खरवडून काढ की. माझ्या गॅरेजातले पाने याच्यापेक्षा स्वच्छ असतात." ती म्हणायची, "तुमी तुमचं गॅरेज सांभाळा."

आता अडवायला कोणी नव्हतं. अंगणात बसलो, डिझेल घेतलं, तारेचा ब्रश घेतला आणि शेवटी पॉलिश पेपर. सकाळपासून दुपारपर्यंत घासत होतो. गंज गेला, त्याच्यासोबत ते काळंही गेलं. साबणानं धुऊन उन्हात धरला तर माझा चेहरा दिसला. कितीतरी महिन्यांनी हातून एखादं काम बराबर झालं, असं वाटलं. मी स्वतःवरच खूश होतो.

शनिवारी ती जीपमधून उतरली, पिशवी ठेवली आणि थेट स्वयंपाकघरात गेली. "आज मी करते भाकरी." तवा हातात घेऊन थोडा वेळ नुसती बघत राहिली. चोराच्या मनात चांदणं; मी उगीच खोकलो. तिनं भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. उलटायला गेली तर हलेना. उलथण्यानं खरवडली तेव्हा तुकडे तुकडे होऊन निघाली. दुसरीचंही तेच झालं, आणि वर डिझेलचा वास.

"बाबा, याच्यावर शेवटची भाकरी कधी केली?"

"काल."

"काल भाकरी केलेला तवा असा दिसत न्हाई. खरं सांगा."

पकडलेला माणूस आधी चिडतो, तसा मी चिडलो. "मी काय लेकरू हाय का, तुला जबाब द्यायला?" पण भाकरीचे तुकडे समोरच पडले होते. मग सगळं सांगून टाकलं. खारी, पोहे, फोनवरचं पिठलं. "हात चालतात पोरी, पण एकट्यानं ताटावर बसवत न्हाई. अन् पुण्याला मी येणार न्हाई, आधीच सांगतो."

तिनं तवा धुऊन पुन्हा तापवला, तेल सोडलं, अर्धा कांदा घेऊन गोल गोल घासू लागली. "आई नवीन तव्याला असंच करायची. तेल मुरंपर्यंत घासायचं, गार करायचं, परत घासायचं. सुटंल भाकरी, आज न्हाई तर उद्या."

मी शेजारी स्टुलावर बसलो. ती रागावली असती तर बरं झालं असतं. पुण्याचा विषयच ती काढत नव्हती, त्याची मला भीती वाटायला लागली. तिला बोलतं करावं म्हणून मी विचारलं, "तिथल्या तव्यालाबी असंच करती का?" फोनवर ती रोज सांगायचीच की, आज मेथीची भाजी केली, आज थालीपीठ केलं. ते ऐकलं की माझा जीव निवायचा. पोरगी तरी नीट खाते आहे.

तिचा हात थांबला. कांदा करपायला लागला तरी तिनं तो उचलला नाही.

"माझ्याकडं तवाच न्हाई, बाबा."